रानटी सुगंधी झाडाचं तेल किडीवर वापरायचंय? मग आधी तोडणी कधी करायची ते ठरवा

रानात आपोआप वाढणाऱ्या एखाद्या उग्र वासाच्या झुडपाचं तेल काढून ते धान्यातल्या किडीवर किती चालतं हे ज्यांना बघायचंय, मग ते कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी असो की स्वतःच्या साठवणीसाठी, त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी ही सगळी प्रोसेस केलेली आहे आणि नवीन लोकांचा घोळ कुठे होतो हेही जवळून बघितलंय, सगळा वेळ कुठलं झाड घ्यायचं यातच जातो आणि ते कधी तोडायचं हे मात्र सुट्टी कधी मिळते त्यावर ठरतं. पण एकाच झुडपाचं कळीतलं तेल, भर फुलोऱ्यातलं तेल आणि बी धरल्यानंतरचं तेल यांच्यात एवढा फरक असू शकतो की एक किडीला मारतं आणि दुसरं नुसतं पळवून लावतं. आणि जेव्हा तेल सगळ्यात जास्त निघतं तेव्हाच ते सगळ्यात जोरकस असतं असंही नाही, या दोन वेळा वेगवेगळ्या असू शकतात. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

१. वेळेनुसार नक्की काय बदलतं

तेल पानात सगळीकडे पसरलेलं नसतं. तुळस, पुदिना, ओरेगॅनो या कुळातल्या झाडांचं तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या बारीक ग्रंथींमधे असतं, साध्या भिंगातून पान तिरपं धरून बघा, चमकणारे ठिपके दिसतात तेच ते. निलगिरीच्या कुळात ते पानाच्या आत पोकळ्यांमधे असतं. पृष्ठभागावरच्या ग्रंथी पान कोवळं असतानाच तयार होतात आणि भरतात, नंतर पान मोठं होतं पण ग्रंथी त्या मानाने वाढत नाहीत, म्हणून जून पानात वजनाच्या हिशोबाने तेल कमी भरतं.

हे झालं किती तेल निघतं त्याचं. तेलात काय आहे हा वेगळाच विषय आणि किडीच्या दृष्टीने तोच जास्त महत्त्वाचा. झाड एका द्रव्यापासून दुसरं, दुसऱ्यापासून तिसरं असं पायरीपायरीने बनवत जातं. पेपरमिंटच्या कोवळ्या पानात मेन्थोन जास्त असतो, पान जून होत जातं तसा त्याचा मेन्थॉल होतो, आणि फुलं आली की त्या फुलांमधला मेन्थोफ्युरान तेलात उतरतो. ओरेगॅनोत गॅमा-टर्पिनिन आणि पॅरा-सायमिन या आधीच्या पायऱ्या आणि कार्व्हॅक्रॉल किंवा थायमॉल ही पुढची. ग्रीसमधल्या रानटी ओरेगॅनोत उन्हाळ्यात फुलोऱ्याच्या वेळी कार्व्हॅक्रॉल भरपूर असतो आणि शरद ऋतूत त्याच जातीत पॅरा-सायमिन वरचढ होतो. आता कार्व्हॅक्रॉल किडीवर जोरदार चालतो आणि पॅरा-सायमिन त्यामानाने खूपच मवाळ आहे, म्हणजे झुडूप तेच, वासही ओळखीचाच, पण चुकीच्या ऋतूत तोडलं तर हातात आलेलं तेल किडीसाठी निम्म्या कामाचं. कोथिंबिरीचंही तसंच आहे, हिरव्या कच्च्या फळात वेगळी द्रव्यं असतात आणि धणे पिकले की लिनालूल भरतो.

दिवसातल्या वेळेचाही फरक पडतो. रानतुळशीच्या एका मोठ्या जातीत युजेनॉल दुपारी बाराच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि संध्याकाळी अगदी कमी असं ब्राझीलमधल्या अभ्यासात दिसलं होतं. प्रत्येक झाडात एवढा फरक पडेलच असं नाही, पण तुलना करायची असेल तर प्रत्येक वेळी एकाच तासाला तोडायचं, यात सूट नाही.

२. लागणारं सामान

तोडणीसाठी: धारदार कात्री, कापडी किंवा कागदी पिशव्या, खुणेसाठी टॅग, वही, भिंग, फोन (फोटो आणि लोकेशनसाठी), ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा.

तेलासाठी: क्लेव्हेंजर उपकरण (पाला पाण्यात उकळून वाफेतून तेल वेगळं करणारं काचेचं उपकरण), हीटिंग मॅन्टल (फ्लास्क तापवणारं विजेचं साधन), कंडेन्सरला पाणी, निर्जल सोडियम सल्फेट (तेलात राहिलेलं पाणी शोषून घ्यायला), गडद काचेच्या छोट्या बाटल्या, फ्रिज.

किडीच्या चाचणीसाठी: घट्ट झाकणाच्या सारख्या आकाराच्या काचेच्या बरण्या, फिल्टर पेपर, मायक्रोपिपेट, ॲसिटोन, मऊ ब्रश, तापमान आणि दमटपणा दाखवणारं मीटर.

कागदपत्रं: जागेच्या मालकाची किंवा वनखात्याची लेखी परवानगी, हर्बेरियमचा (वाळवलेल्या झाडांचे नमुने जपणाऱ्या संग्रहाचा) नमुना क्रमांक, आणि नमुना देशाबाहेर पाठवायचा असेल तर नागोया प्रोटोकॉलखाली (दुसऱ्या देशातली झाडं वगैरे वापरायची परवानगी आणि फायद्याची वाटणी याबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) लागणारी कागदपत्रं, कारण २०१४ पासून तो लागू आहे आणि नंतर परवानगी जोडायला गेलात तर खूप वेळ जातो.

घटक तपासायला जीसी-एमएस (तेलातली द्रव्यं वेगळी करून ओळखणारं यंत्र) लागतं, ते घरी नसतंच, एखाद्या विद्यापीठाच्या किंवा खाजगी लॅबकडे नमुना द्यावा लागतो. बजेट कमी असेल तर सगळे नमुने न देता निदान प्रत्येक टप्प्याचा एक तरी द्या.

३. झाड ओळखून घ्या आणि झुडपांना खूण करा

वासावरून झाड ओळखू नका. एकाच जातीत वेगवेगळे रासायनिक प्रकार असतात, त्यांना केमोटाइप म्हणतात, फ्रान्सच्या दक्षिणेतल्या रानटी थाइमचे असे सहा प्रकार माहीत आहेत, दिसायला सगळे सारखेच पण एकात थायमॉल, एकात लिनालूल, एकात जिरॅनिऑल. हा फरक जन्मजात असतो, वेळेचा नाही. त्यामुळे कळीच्या वेळी टेकडीच्या या बाजूला तोडलं आणि फुलोऱ्याच्या वेळी त्या बाजूला तोडलं तर जो फरक दिसेल तो वेळेचा की झाडाचा हे तुम्हाला कधीच सांगता येणार नाही. माझ्या मते या कामातला सगळ्यात मोठा सापळा हाच, कारण तो शेवटी लक्षात येतो, तोपर्यंत सीझन संपलेला असतो.

उपाय सोपा आहे. सुरवातीलाच पुरेशी झुडपं निवडून त्यांना टॅग लावा आणि प्रत्येक टप्प्याला त्याच झुडपांच्या थोड्या थोड्या फांद्या घ्या. एका झुडपाचा तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भाग पूर्ण सीझनमधे काढायचा नाही, मुळं उपटायची नाहीत, आणि काही झुडपं अजिबात हात न लावता बियांसाठी सोडायची. आणखी एक, वारंवार छाटलं की झुडूप नवीन कोवळी फूट काढतं आणि कोवळ्या पानाचं तेल वेगळं असतं, म्हणून प्रत्येक वेळी न छाटलेल्या बाजूची फांदी घ्या.

फुलांसकट एक फांदी दाबून वाळवून हर्बेरियममधे जमा करा आणि तज्ज्ञाकडून नाव पक्कं करून घ्या. जात दुर्मिळ किंवा संरक्षित निघाली तर तिथेच थांबा, दुसरं झाड शोधा.

४. तारीख नाही, टप्पा लिहा

१५ तारखेला तोडलं हे लिहून दुसऱ्याला काही उपयोग नाही, कारण उंचावर तेच झाड कळीत असतं आणि खाली पायथ्याला फुलून गेलेलं असतं. टप्पा लिहा. बीबीसीएच नावाची एक पद्धत जगभर वापरतात, तिच्यात ५१ ते ५९ म्हणजे फुलोरा बाहेर येऊन कळ्या दिसायला लागणं, ६१ म्हणजे दहा टक्के फुलं उघडलेली, ६५ म्हणजे निम्मी उघडलेली म्हणजेच भर फुलोरा, आणि ७१ पासून पुढे फळ धरणं. मी निदान चार टप्पे घ्यायला सांगेन: फुलोऱ्याआधीची पालवी, कळी, भर फुलोरा, बी धरल्यावर. दोनच घेतले तर आलेख वर जातोय की मधे कुठे टेकडी आहे हे कळत नाही.

टप्पा ठरवताना एका फांदीकडे बघून ठरवू नका, टॅग लावलेल्या सगळ्या झुडपांवरून फिरून या आणि मगच लिहा. सोबत तारीख, तास, तापमान, शेवटचा पाऊस कधी झाला होता हेही टाका, नंतर एखादा आकडा विचित्र आला की याच नोंदी कामाला येतात.

५. तोडणीचा दिवस

पाऊस पडून गेल्यावर निदान दोन-तीन दिवस कोरडे जाऊ द्या. सकाळी दव उडून गेल्यावर आणि ऊन कडक व्हायच्या आधी तोडा, बहुतेक झाडांना ही वेळ चालते, आणि तुमचं झाड दुपारी जास्त चांगलं असेल असं वाटत असेल तर एक दिवस खास त्यासाठी ठेवून सकाळ-दुपार-संध्याकाळ असे तीन नमुने घेऊन एकदाच खात्री करून टाका.

पाला चुरगाळू नका, दाबून भरू नका. हाताला वास लागला म्हणजे ग्रंथी फुटल्या आणि तेल तिथेच गेलं. प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच नको, पाला आतल्या आत घामेजतो आणि काळा पडतो.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक लिहितात, ती म्हणजे पान, फूल आणि देठ यांचं प्रमाण. पालवीच्या वेळी नमुन्यात फक्त पानं असतात, फुलोऱ्यात पानं आणि फुलं असतात, बी धरल्यावर देठ जाड होतात आणि खालची पानं गळतात. जाड देठात तेल नगण्य असतं. म्हणून प्रत्येक टप्प्याचा एक छोटा वाटा घेऊन पान, फूल, देठ वेगळं करून वजन करा आणि लिहून ठेवा. नाहीतर तेल कमी झालं असं तुम्ही म्हणाल आणि प्रत्यक्षात देठच जास्त भरलेले असतील. शक्य असेल तर जाड देठ सगळ्याच टप्प्यांत काढून टाका म्हणजे कटकट नाही.

६. सुकवणं आणि पाण्याचा हिशोब

सावलीत, पातळ थरात, वारा खेळेल अशा ठिकाणी, ३५ ते ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ न देता सुकवा. उन्हात किंवा गरम ओव्हनमधे घातलं तर आधी हलकी, पटकन उडणारी द्रव्यं जातात, पायनिन, लिमोनिन वगैरे, आणि मग जड द्रव्यांचे टक्के उगाचच वाढलेले दिसतात. प्रत्येक टप्प्याला सारखेच दिवस आणि सारखीच पद्धत ठेवा.

तेलाचं प्रमाण कायम कोरड्या वजनावर काढा. समजा पालवीच्या वेळी पाल्यात ७५ टक्के पाणी आहे आणि फुलोऱ्यात ६० टक्के. म्हणजे एक किलो ओल्या पाल्यात कोरडा माल पहिल्या वेळी २५० ग्रॅम, दुसऱ्या वेळी ४००. ओल्या वजनावर मोजलं तर फुलोऱ्यात तेल भसकन वाढलं असं वाटेल पण त्यातलं बरंचसं नुसतं पाणी कमी झाल्यामुळे आहे. ओलावा मोजायला १०५ अंशाच्या ओव्हनमधे वेगळा छोटा नमुना ठेवतात, पण सुगंधी पाल्यात पाण्यासोबत तेलही उडतं, म्हणून टोल्यूइनबरोबर उकळून ओलावा मोजायची पद्धत जास्त बरोबर येते, ती लॅबमधेच करा. तेल काढायचा मूळ नमुना मात्र ओव्हनमधे कधीच घालायचा नाही.

७. तेल काढणं

क्लेव्हेंजरमधे पाला, त्याच्या साधारण दहापट पाणी, आणि उकळी फुटल्यापासून तीन तास. वेळ घड्याळावर मोजा, एकदा दोन तास आणि एकदा तीन तास असं केलंत तर पहिल्यात जड द्रव्यं कमी येतील आणि तुलना बिघडेल. युजेनॉल भरपूर असलेलं तेल पाण्यापेक्षा जड असू शकतं, ते वर तरंगत नाही, खाली बसतं, त्यासाठी जड तेलाचं वेगळं उपकरण लागतं, म्हणून वर काही दिसत नाही म्हणजे तेलच नाही असं समजून पाणी ओतून देऊ नका.

निघालेलं तेल निर्जल सोडियम सल्फेटवर फिरवून गडद बाटलीत काठोकाठ भरून ४ अंशाला ठेवा. बाटलीवर टप्पा, झुडपांचे टॅग नंबर, तेल काढल्याची तारीख.

इथे एक सापळा आहे. पालवीचं तेल निघतं सीझनच्या सुरवातीला आणि बी धरल्यावरचं निघतं शेवटी, मग लोक सगळ्या बाटल्या जमवून शेवटी एकदम किडीवर चाचणी घेतात. तोपर्यंत पहिलं तेल काही महिने जुनं झालेलं असतं, हवेने लिमोनिनचं रूप बदलतं, गॅमा-टर्पिनिनचा पॅरा-सायमिन होतो. मग दिसलेला फरक तोडणीचा की बाटलीत पडून राहिल्याचा? म्हणून प्रत्येक तेलाची चाचणी काढल्यापासून सारख्याच दिवसांत घ्या, आणि किडींची बॅच बदलते म्हणून प्रत्येक चाचणीत एक शुद्ध द्रव्य, उदाहरणार्थ १,८-सिनिओल, तुलनेला ठेवा. त्याचा आकडा दर वेळी जवळपास सारखा आला म्हणजे किडींमुळे फरक पडलेला नाही.

८. किडीवर चाचणी

सुरवातीला वाफेची चाचणी घ्या, ती सोपी आहे आणि साठवणीसाठी उपयोगीही. बरणीच्या झाकणाच्या आतून छोटा फिल्टर पेपर चिकटवा, त्यावर ॲसिटोनमधे मिसळलेलं तेल सोडा, ॲसिटोन उडायला दोन-तीन मिनिटं द्या, आत वीस किडे सोडा आणि झाकण घट्ट. डोस लिहायचा तो बरणीतल्या एक लिटर हवेमागे किती मायक्रोलिटर तेल असा. पाच वेगवेगळे डोस, प्रत्येकाच्या चार बरण्या, आणि नुसतं ॲसिटोन टाकलेल्या, तेल नसलेल्या चार बरण्या कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी. खोली २७ ते ३० अंश, दमटपणा ६५ टक्क्यांच्या आसपास.

कुठली कीड? पिठातला तांबडा भुंगेरा चिवट असतो, तांदळातला सोंडा आणि कडधान्यातला भुंगा बहुतेक तेलांना लवकर दाद देतात. एकाच किडीवरून तेल चांगलं की वाईट ठरवू नका, निदान दोन घ्या. कडधान्यातला भुंगा प्रौढ झाल्यावर काही खात नाही आणि एक-दोन आठवड्यांतच मरतो, त्यामुळे जुने भुंगे घेतले तर ते तेलाने मेले की वयाने हे कळत नाही. बाहेर पडून एक-दोन दिवस झालेलेच घ्या.

२४ तासांनी मोजताना घाई नको. हे भुंगे धोका वाटला की पाय आखडून मेल्याचं सोंग घेतात, शिवाय वाफेने नुसते गुंगलेलेही असतात. ब्रशने हळूच टोचा, हलले नाहीत तरी त्यांना मोकळ्या हवेत स्वच्छ बरणीत ठेवा आणि आणखी २४ तासांनी परत बघा. जे तेव्हाही उठले नाहीत तेच मेलेले. कळीच्या तेलाने पाडलेले किडे परत उठतात आणि फुलोऱ्याच्या तेलाने पाडलेले उठत नाहीत असा फरक निघाला तर तो तुमच्या अख्ख्या कामातला सगळ्यात उपयोगी निष्कर्ष असेल.

कंट्रोलमधेही थोडे मरतात, ते वजा करायला ॲबटचं सूत्र वापरतात, १९२५ सालचं आहे आणि अजून तेच चालतं. तेलाच्या बरणीत ६४ टक्के मेले, कंट्रोलमधे १० टक्के, तर ६४ वजा १० म्हणजे ५४, भागिले १०० वजा १० म्हणजे ९०, म्हणून खरी मर ६० टक्के. कंट्रोलमधेच २० टक्क्यांपेक्षा जास्त मेले तर ती चाचणी फेकून द्या. मग प्रोबिट पद्धतीने (डोस आणि मर यांचं नातं काढायची आकडेशास्त्रातली पद्धत) निम्मे किडे मारणारा डोस काढा, त्याला एलसी-५० म्हणतात, हा आकडा जितका कमी तितकं तेल जोरकस. शेजारी ९५ टक्के विश्वासमर्यादा (खरा आकडा ज्या दोन टोकांच्या मधे असावा ती टोकं) लिहाच, दोन टप्प्यांच्या मर्यादा एकमेकींत चांगल्याच शिरलेल्या असतील तर हा टप्पा भारी असं म्हणायला जागा नाही.

९. कुठला टप्पा घ्यायचा त्याचा हिशोब

इथे बरेच जण फक्त तेलाचं प्रमाण बघतात किंवा फक्त एलसी-५० बघतात, दोन्ही अर्धवट. दोन्ही जोडा. समजायला कल्पित आकडे घेते. कळीत एक किलो कोरड्या पाल्यातून ६ मि.ली. तेल, एलसी-५० लिटरमागे १० मायक्रोलिटर. फुलोऱ्यात किलोमागे ८ मि.ली., एलसी-५० २० मायक्रोलिटर. ६ मि.ली. म्हणजे ६००० मायक्रोलिटर, भागिले १०, म्हणजे एक किलो पाल्यात ६०० लिटर हवेपुरतं काम होतं. फुलोऱ्यात ८००० भागिले २०, म्हणजे ४००. तेल कमी निघूनही कळी पुढे गेली.

पण अजून संपलं नाही. कळीच्या वेळी एका झुडपातून १०० ग्रॅम कोरडा पाला मिळतो आणि फुलोऱ्यात १८० ग्रॅम, असं असेल तर झुडपामागे कळीत ६० लिटर आणि फुलोऱ्यात ७२ लिटर. म्हणजे किलोमागे कळी सरस आणि झुडपामागे फुलोरा सरस. मग ठरवायचं कसं? तुमच्याकडे कमी काय आहे ते बघा. उपकरण लहान आहे, इंधन जपून वापरायचंय तर किलोचा हिशोब. झुडपं मोजकी आहेत तर झुडपाचा हिशोब, पण मग फुलोऱ्यात तोडलं तर बी जातं हेही त्यात धरायला हवं, आणि रानटी झाडाच्या बाबतीत मी या मुद्द्याला तेलाच्या चार थेंबांपेक्षा जास्त वजन देते.

जीसी-एमएसचा रिपोर्ट वाचताना लक्षात ठेवा की त्यातले टक्के एकमेकांवर अवलंबून असतात. एका द्रव्याचे टक्के घटले म्हणजे ते झाडातून कमी झालं असं नाही, दुसरं वाढलं असेल. टक्क्याला तेलाच्या प्रमाणाने गुणून किलोमागे किती ग्रॅम ते काढा, मग तुलना करा.

१०. प्रत्यक्ष वापरायच्या आधी

रिकाम्या बरणीतला आकडा धान्याच्या डब्याला लावू नका, धान्य वाफ शोषून घेतं आणि मर कमी होते. अर्धी बरणी धान्याने भरून तीच चाचणी परत घ्या. पेरणीचं बियाणं असेल तर उगवण आधी तपासा, कारण बरीचशी तेलं उगवण दाबतात, कार्व्होन तर बटाट्याला कोंब येऊ नयेत म्हणूनच वापरतात.

नैसर्गिक आहे म्हणून सुरक्षित असं धरून चालू नका. थुजोन आणि पुलेगोन असलेली तेलं माणसालाही विषारी आहेत आणि कुठल्या टप्प्याला ती वाढतात हेही तुमच्याच रिपोर्टमधे दिसेल, तसा टप्पा किडीवर कितीही चांगला चालला तरी खायच्या धान्यासाठी सोडून द्या. हातात ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा, खिडक्या उघड्या, जवळ ज्योत नको, मांजरं खोलीबाहेर. तेल कीडनाशक म्हणून विकायचं असेल तर बहुतेक देशांत नोंदणी लागते, ती झाल्याशिवाय बाटलीवर कीडनाशक असं लिहू नका.

आणि एकाच सीझनच्या आकड्यांवर वेळ पक्की करू नका, पावसाचं वर्ष आणि दुष्काळाचं वर्ष यात तेल वेगळं येतं. दुसऱ्या वर्षी चारही टप्पे परत करायची गरज नाही, जो टप्पा पुढे आला तो आणि त्याच्या अलीकडचा-पलीकडचा एवढे तीन घ्या, टॅग लावलेली तीच झुडपं, तोच तास, तीच उपकरणं.